हवामानवाले साहेब

मांजरी बुद्रुक, पुणे
ऑगस्टमधला रविवार

प्रिय अभिनव,

घाबरू नकोस, अण्णा हयात आहेत. माझं अक्षर पाकिटावर बघून तुझ्या मनात पहिल्यांदा तेच येईल, म्हणून आधी सांगून टाकलं. सार्थक बरा आहे, कॉलेजला जातो. हिरा सासवडला तिच्या घरी आहे. तुझा जुना नंबर लागत नाही, मेसेज पोचत नाहीत. शेवटी तुमच्या कंपनीतल्या निकिताकडून तुझ्या गावचा पत्ता मिळवला, तोही तिनं दोनदा टाळल्यावर. तू नोकरी सोडलीस आणि हिंगणघाटजवळ वडिलांच्या शेतात जातोस, एवढंच ती बोलली. ऐकून मला बरं वाटलं की राग आला हे अजून ठरवता आलेलं नाही. आठवीच्या वर्गाला मी दरवर्षी पत्रलेखन शिकवते. मायना असा, मजकूर असा, समारोप असा. स्वतःवर वेळ आली तेव्हा आज सकाळपासून तीन कागद फाडले.

तुमचा टॉवर गेला. जुलैत क्रेन आली, लांबलचक गज एकेक करून उतरवले, पत्र्याची केबिन ट्रकवर चढवली. आता ओढ्याच्या कडेला काँक्रीटचे चौथरे तेवढे उरलेत आणि त्यांच्याभोवती गवत माजलंय. पलीकडच्या नव्या सोसायटीत लोक राहायला आले. गॅलरीत उभं राहून ते आमच्या शेताचे फोटो काढतात. तू पहिल्यांदा आलास तेव्हा त्या इमारतीला नुसते मजले होते, भिंती नव्हत्या. आठवतं ना?

तुम्ही पहिल्यांदा आलात तो दिवस मला स्वच्छ आठवतो. तुझे ते वरचे साहेब गाडीतून उतरलेच नाहीत, तू एकटा बांधावरून चालत आलास आणि अण्णांना म्हणालास की शहरापासून जरा बाजूला, विजेच्या मोठ्या तारांपासून लांब अशी मोकळी जागा हवी आहे. कशाला, असं अण्णांनी विचारल्यावर तू म्हणालास, वरच्या हवेचा अभ्यास करायचाय. तुला तसंच सांगायला सांगितलं होतं, हे मला फार नंतर कळलं. आणि ते खोटंही नव्हतं. तळ्याच्या पाण्यावर चपटी खापरी फेकली की ती टप्पे घेत लांब जाते, तशी शॉर्टवेव्ह रेडिओची लहर वरच्या हवेवर आपटून खाली येते, समुद्रावर आपटून परत वर जाते, असं तू मला एकदा बसमध्ये समजावलं होतंस. पण आमच्या घरात हवा म्हणजे एकच. पाऊस येणार की नाही. अण्णांनी 'वरची हवा' ऐकली आणि संध्याकाळपर्यंत गावभर सांगून आले की आपल्या रानात हवामानाचं केंद्र येतंय. तू तेव्हा अंगणात खुर्चीवर चहा घेत बसला होतास. शेजारचे लोक येऊन तुला नमस्कार करायला लागले. तू कप खाली ठेवलास, काहीतरी बोलायला तोंड उघडलंस आणि मग नुसताच हसलास. मी दारात उभी होते. मला वाटलं, किती लाजरा माणूस आहे.

मग तू घरातलाच झालास. तुझं काम संध्याकाळी सुरू व्हायचं, आई तुझा डबा सार्थकच्या हाती केबिनवर धाडायची, आणि डबा परत आला की आधी उघडून बघायची की कारल्याची भाजी उरलीय का. पहिल्या दिवाळीत आम्ही घरावर त्या चायनीज माळा सोडल्या तर तू पळत आलास. म्हणालास, काकू, तुमच्या माळा गुणगुणतायत, मला आत काहीच ऐकू येत नाही. आईला ते इतकं गमतीचं वाटलं की तिनं स्वतः माळा उतरवल्या आणि ओसरीभर पणत्या लावल्या. नंतर कुणीही आलं की सांगायची, आमच्या साहेबाला दिव्याचं गाणंसुद्धा ऐकू येतं. तुला ती साहेब म्हणायची आणि ताटात वाढताना बाळा म्हणायची.

सकाळी तू काम संपवून कर्वेनगरला खोलीवर झोपायला निघायचास आणि मी तिथल्याच शाळेत जायला. हडपसरहून स्वारगेट, तिथून दुसरी बस. निम्मा रस्ता तू खिडकीला डोकं टेकून झोपलेला असायचास. जागा असलास की तुझ्या घरचं सांगायचास. सोयाबीनचं, बहिणीचं, तुझी आई नागपूरला जायलाही कशी घाबरते त्याचं. होळीच्या सुमाराला एकदा स्वारगेटला दुसऱ्या बसची वाट बघत असताना तू मला विचारलंस की आमच्या गावाला येशील का, आई तुला बघेल. मी म्हणाले होते, हिराचं लग्न होऊ दे, मग बोलू. आपण दोघंही त्यानंतर बसमध्ये मुद्दाम पावसापाण्याच्याच गप्पा मारायचो. ते असो.

पावसाचं कसं सुरू झालं तेही तुला माहीत आहे, पण मी बघितलं तसं सांगते. अण्णांनी पहिल्यांदा विचारलं तेव्हा तू खिशातून फोन काढलास, बघितलंस आणि म्हणालास, परवा दुपारी येईल बहुतेक. परवा दुपारी आला. मग शेजारचे दत्तूकाका कांदा वाळत घालायच्या आधी विचारायला आले. तू नको म्हणालास आणि तसंच झालं, ज्यांनी घातला होता त्यांचा भिजला. त्यानंतर तुझी सुटकाच नव्हती. लोक केबिनच्या दारापाशी थांबायचे, हवामानवाले साहेब बाहेर कधी येतात म्हणून. तू आत जायचास, थोड्या वेळानं बाहेर येऊन सांगायचास. आत यंत्र आहे आणि यंत्र सांगतंय असंच सगळ्यांना वाटायचं. तू कुणाला तसं म्हणाला नाहीस. कुणी तसं समजलं तर नाही म्हणूनही कधी सांगितलं नाहीस. एक खरं लिहिते, राग मानू नकोस. त्या दिवसांत तुझा चेहरा उजळायचा. एरवी तुझ्या कामाचं तू काही बोलायचा नाहीस, विचारलं की विषय बदलायचास. पण दत्तूकाकांनी कांद्याची पिशवी आणून दिली तेव्हा ती छातीशी धरून तू बसमध्ये बसला होतास.

हिराच्या लग्नाला हॉल घ्यावा असं मामाचं म्हणणं होतं. मे महिना आहे, वळवाचं काही सांगता येत नाही, हडपसरला चांगला हॉल आहे. अण्णांनी ऐकलं नाही. त्यांना लेकीचं लग्न स्वतःच्या रानात, लोखंडी सांगाड्याचा मोठा मांडव घालून करायचं होतं. आणि त्यांच्याजवळ उत्तर होतं. ज्याच्या रानात सरकारच्या तोडीचं केंद्र हाय, त्यानं आभाळाला कशाला भ्यायचं, असं ते मामाला म्हणाले. तुला त्यांनी आठवड्यापूर्वी विचारलं, चार दिवस आधी विचारलं. तू दर वेळी कोरडं आहे म्हणालास, आणि हळदीपर्यंत आभाळही कोरडंच राहिलं.

हळदीच्या संध्याकाळी अण्णांनी विहिरीवरची मोटर लावली. दुसऱ्या दिवशी एवढी माणसं जेवणार, टाक्या भरून घ्यायच्या होत्या. थोड्या वेळात तू केबिनमधून आलास. मी आईच्या हाताला मेंदी लावत होते, तिथूनच बघितलं. तू म्हणालास, "काका, थोडा वेळ मोटर बंद ठेवता का? तिच्या आवाजात आत काही ऐकूच येत नाहीये." अण्णा म्हणाले, एवढी एक टाकी होऊ दे साहेब, पाहुणे आलेत. तू बरं म्हणालास आणि उभा राहिलास. टाकी भरली, मोटर बंद झाली. मग त्यांनी नेहमीचं विचारलं, उद्याचं काय? तू खिशातून फोन काढलास, बघितलास, म्हणालास, "उद्या कोरडं आहे, काका." आणि परत केबिनकडे गेलास.

लग्नाच्या दिवशी सकाळी दत्तूकाकांच्या सुनेनं अण्णांना मोबाईलवर दाखवलं होतं, पुणे जिल्ह्याला वादळाचा इशारा दिलाय म्हणून. तू तेव्हा केबिनमध्ये झोपला होतास, तुला हे कुणी सांगितलं नसेल. अण्णा तिच्यावर चिडले. म्हणाले, ते मुंबईत बसून सांगतात, आपला माणूस आपल्या रानात बसून सांगतो.

पुढचं तू होतास म्हणून लिहिणार नव्हते, पण लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. अक्षता पडल्या, पंगती बसल्या. तू आमच्या घरच्यासारखा कमरेला टॉवेल गुंडाळून जिलब्या वाढत होतास. आधी धूळ आली आणि मग पश्चिमेकडून एकदम काळोख. लोक घराकडे, गाड्यांकडे पळाले. आईही घरात आली होती, अभिनव. मी तिला ओसरीवर बघितलं होतं. तिथून तिला मांडवातलं रुखवत दिसलं. हिरासाठी वर्षभर बसून केलेलं, मोत्यांचं तोरण, कापसाची ती बैलजोडी, सगळं. ते भिजेल म्हणून ती परत मांडवात गेली. सांगाडा एका बाजूनं उचलला गेला आणि खाली आला. लोखंड उचलणाऱ्यांत तू पहिला होतास, तुझा हात कापला होता, दवाखान्यात तूच तिचं डोकं मांडीवर घेऊन गेलास. पोचायच्या आधीच सगळं संपलं होतं. हे सगळं मी विसरलेले नाही. विसरणारही नाही.

अंत्यविधीला तू लांब, लिंबाखाली उभा होतास. तेराव्याला आला नाहीस. मला वाटलं, नोकरीतून सुट्टी मिळाली नसेल. मग फोन बंद. अण्णा रोज विचारायचे, साहेब कुठं गेले, त्यांचा हात बरा झाला का? मी काहीबाही सांगायचे. मनातून मला वाटत होतं, स्वारगेटला मी 'मग बोलू' म्हणाले होते त्याचं ओझं नको म्हणून तू निघून गेलास. आई गेलेल्या घरातल्या मुलीला आता काय उत्तर विचारायचं, असं वाटलं असेल. दोन महिने मी तुझ्यावर भलत्याच कारणासाठी रागावले होते.

निकिता टॉवर उतरवायला आली तेव्हा मी तिला चहाला बोलावलं. तिला म्हटलं, जायच्या आधी एकदा अण्णांना दाखवाल का, यंत्रात पाऊस कुठे दिसायचा ते? त्यांना फार वाटतं. तिनं कप खाली ठेवला. मग म्हणाली, "पाऊस नाही हो ताई. भाव यायचे त्यातून." शिकागोच्या बाजारातले. सोनं, मका, सोयाबीन. समुद्राखालच्या तारेतून भाव येतात त्यापेक्षा रेडिओवरून पापणी लवायला लागतो तेवढाच वेळ आधी पोचतात आणि तेवढ्या वेळात कंपनीचे संगणक खरेदीविक्री करून मोकळे होतात. बाकीच्यांना कळेपर्यंत यांचं झालेलं असतं. दुसऱ्या कंपन्यांना सुगावा लागू नये म्हणून कुणाला बोलायची परवानगी नव्हती. अभिनवलाही नव्हती, असं ती दोनदा म्हणाली. तुझं काम म्हणजे तो क्षीण आवाज गोंगाटातून नीट ऐकू येतोय ना एवढं सांभाळायचं. आणि टॉवर का काढला, तर पलीकडच्या सोसायटीत लिफ्ट आणि दिवे सुरू झाल्यापासून इतकी खरखर वाढली की ही जागा निरुपयोगी झाली. तुझ्या वडिलांच्या सोयाबीनचा भाव आमच्या रानातून पुढे जात होता आणि आम्ही त्या खांबाला पाऊस विचारत होतो. मी त्या दिवशी शाळेत गेले नाही. तू तेराव्याला का आला नाहीस, ते मला त्या चहाच्या वेळी कळलं.

तुला शिक्षा व्हावी असं मला काही दिवस वाटलं, हे लपवत नाही. तुझ्या गावी येऊन तुझ्या आईसमोर सगळं सांगावं असंही वाटलं. मग ते ओसरलं. अंदाज चुकतात, वेधशाळेचेही चुकतात. मांडव पडला तो वाऱ्यानं, आणि आई आत गेली ती तिच्या स्वभावानं. एवढंच असतं तर मी पत्र लिहिलं नसतं. तू तुझ्या शेतात, मी माझ्या वर्गात, दोघांनी आपापलं सोसलं असतं.

पण अण्णांचं वेगळंच आहे. लग्नानंतर त्यांनी मोटर लावलीच नाही. आम्हाला वाटलं, दुःखात आहेत, लक्ष नाही. जूनमध्ये पावसानं ओढ दिली, उसाची रोपं डोळ्यांदेखत वाळली, तरी बटण दाबायला तयार नाहीत. सार्थकनं एकदा परस्पर मोटर सुरू केली तर त्यांनी त्याच्या थोबाडीत मारली. आयुष्यात पहिल्यांदा. नंतर स्वतःच पंप विहिरीतून वर काढून गोठ्यात टाकला. त्या दिवशी मी त्यांच्यापाशी बसले आणि ते बोलले. "साहेब सांगत हुता, मोटरीनं ऐकू येत न्हाई. म्या म्हणलं एक टाकी होऊ दे. त्या टाकीपायी त्याला वादळ ऐकू आलं न्हाई. तुझ्या आईला म्या मारलं, दीपा." टॉवर काढून नेला तेही मोटरीमुळेच, असं त्यांनी धरलंय. माझी नासाडी बघून ती माणसं गेली, म्हणतात.

मी त्यांना सगळं सांगितलं. निकितानं सांगितलेलं शब्द न् शब्द. शिकागो, भाव, सोसायटीची खरखर. तू फोन बघून सांगायचास, मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय, हेही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. म्हणाले, तू मास्तरीण आहेस, बापाला बरं वाटावं म्हणून तुला काहीही रचता येईल. मामानं सांगून बघितलं, दत्तूकाकांनी बघितलं. निकिताला फोनवर बोलायला लावलं तर म्हणाले, ही बाई त्या दिवशी इथं नव्हती, हिला काय ठाऊक? मी विचारलं, मग कुणाचं ऐकाल? त्यावर म्हणाले, "ज्याला ऐकू येत नव्हतं, त्यालाच ठावं."

आता ते दुपारी विहिरीच्या काठावर जाऊन बसतात. काही करत नाहीत, बसतात. सार्थक पुस्तक घेऊन बांधावर बसतो आणि पान उलटत नाही. मी शाळेत असले की तासातासाला त्याला फोन करते. डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत, झोप लागते, पण सकाळी उठले की त्यांच्या डोळ्यांत पुन्हा तेच.

म्हणून तू ये. पत्रानं नको, फोननंही नको, त्यांच्यासमोर येऊन बस आणि तुझ्या तोंडानं सांग की आत वादळ ऐकू येणारं काही नव्हतंच. मोटर चालू असती, बंद असती, काही फरक पडला नसता. तुझ्यावरचा त्यांचा विश्वास त्या क्षणी जाईल. ते तुला शिव्या देतील, कदाचित हात उचलतील. ते तुला सोसावं लागेल. पण आज तो राग ते स्वतःवर काढतायत आणि त्यांच्या अंगात आता तेवढी ताकद नाही. कंपनीचं बंधन होतं म्हणालास तर ते आता संपलंय. भीती वाटते म्हणालास तर मलाही वाटते, खरं ऐकून ते सावरतील की आणखी खचतील, हे मला सांगता येत नाही. पण खोट्यानं काय होतंय ते रोज बघते आहे. मी तुला माफ केलंय असं समजून येऊ नकोस, आणि केलं नाही असं समजून थांबूही नकोस. आपल्या दोघांचं नंतर बघू, किंवा बघणारही नाही. रात्रीच्या गाडीनं निघालास तर सकाळी पोचशील. स्वारगेटला उतरून हडपसरची बस घे, पुढे सार्थक गाडी घेऊन येईल, त्याला मी सांगितलंय. अण्णांना सांगितलेलं नाही. सकाळी मी स्वयंपाकघरात असते, त्यामुळे दार तेच उघडतील.

वाट बघते आहे.

तुझी,
दीपमाला